भिमाजी आबांनी मोडलेली सोयरीक

भिमाजी आबांचं नाव काढलं की आता कुरवंड्यात लोक हसतात. "म्हातारा चळला, साधी जन्मवेळ लक्षात ऱ्हायली न्हाई," म्हणतात. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. चौतीस वर्षं सरकारी नर्स म्हणून काढली, पण गप बसायची सवय काही मला लागली नाही. ह्या एका बाबतीत मात्र ओठ शिवून बसले होते. आता ज्यांची ही गोष्ट आहे त्यांनीच "लिवा, सिस्टर" म्हटलं म्हणून लिहिते. नावं बदलली आहेत, घरं इकडची तिकडे केली आहेत. तरीही कुणी ओळखलंच, तर ओळखावं आणि मुकाट बसावं.

आबा पंचाहत्तरीला आले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, टोपी, आणि बाराही महिने काखेत छत्री. दोन एकर भात, एक म्हैस, आणि पन्नास वर्षांचा उद्योग म्हणजे सोयरिकी जमवणं. कुरवंड्यापासून लोहगडवाडीपर्यंत आणि तिकडे खाली वडगावपर्यंत कुणाची आजी कुणाच्या घरातली, कुणाची लेक कुठं दिली, कुणाचा भाऊ कुणाला रागावून वेगळा निघाला, सगळं तोंडपाठ. तीनशेच्या वर लग्नं जमवली. दर लग्नात टोपी, टॉवेल, नारळ, आणि पहिल्या पंगतीला मान. बाकी एक पैसा घेतला नाही कुणाकडून.

मी चोविसाव्या वर्षी कुरवंड्याच्या उपकेंद्रात रुजू झाले तेव्हा हा माणूस तिसऱ्या दिवशी दारात हजर. "सिस्टर, तुमी कुटल्या?" मी तोडून बोलले, "लोणावळ्याची. तुम्हाला काय करायचंय?" त्यावर जागचे हलले नाहीत. दहा मिनिटांत त्यांनी माझ्या आईच्या मावशीचं तळेगावातलं सासर शोधून काढलं आणि "म्हंजे तुमी आमच्या नात्यातल्याच की!" म्हणून चहा मागितला. सहा महिन्यांत माझं लग्नही त्यांनीच जमवलं. नवरा बरा निघाला, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आबांची सोयरिकीची रीत एकच होती. दोन्हीकडचे गुण मोठ्यानं सांगायचे आणि दोष पोटात घालायचे. "सिस्टर, झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणायचे. ह्यावरून आमची किती भांडणं झाली असतील! मी पोरापोरींचं रक्त तपासा म्हणून कंठशोष करायची, आणि हे गुण, नाडी, पत्रिका घेऊन फिरायचे. "एकनाड असली तर लेकरं धड होत नाहीत" असं कुणी म्हटलं की मी अंगणवाडीत उभी राहून तास तासभर भाषण ठोकायची. आबा मागच्या भिंतीला टेकून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "आता सिस्टरला पानी द्या कुनीतरी."

आता ओंकारबद्दल सांगते. वरच्या आळीत बाजीराव आणि अमृत ह्या दोन भावांची घरं भिंतीला भिंत लागून. दोघे भाऊ आता हयात नाहीत, अमृतची बायकोही गेली. अमृतचा धाकटा मुलगा ओंकार. सतराव्या वर्षी पर्यटकांच्या बॅगा पाठीवर घेऊन नागफणीवर पळत चढणारा पोरगा, विसाव्या वर्षी सपाट रस्त्यावर अडखळायला लागला आणि पंचविशीत बसला तो बसलाच. आज अडतीस वर्षांचा आहे. रस्त्याच्या कडेला खुर्चीत बसून ग्रामपंचायतीच्या पार्किंगच्या पावत्या फाडतो आणि पुण्याच्या गाडीवाल्यांची अशी खेचतो की ऐकत राहावं. त्याला उचलून आणायचं, न्यायचं, सगळं करतो तो बाजीरावचा मुलगा निलेश. चुलतभाऊ, पण तेरा वर्षांत त्यानं एक खाडा केला नाही.

ओंकारला झालंय काय हे कुणालाच कळलं नाही. गाव म्हणालं, घराची जागा वाईट. एका डॉक्टरनं शक्तीची औषधं दिली, दुसऱ्यानं मणक्याचं सांगितलं. तिसऱ्यानं सांगितलं की हे रक्तातून आलेलं असावं, जनुकांची तपासणी करा. ती तपासणी त्यांच्या म्हशीपेक्षा महाग होती. विषय तिथंच संपला.

तीन वर्षांपूर्वी नूर आली. वडगावचीच पोरगी, पुण्यात शिकून शास्त्रज्ञ झालेली. सरकारी पैशांवर चालणारा एक प्रकल्प होता: घराण्यात चालत आलेल्या आजारांसाठी माणसाच्या जनुकांचा अभ्यास. ज्या तपासणीला ओंकारच्या घरची म्हैस पुरत नव्हती ती इथं फुकट. अट एवढीच, की घरातल्या तीन पिढ्यांची नाती बरोबर मांडून द्यायची आणि प्रत्येकानं राजीखुशीनं रक्त द्यायचं. मंजुरी तीन वर्षांची. एकतीस मार्चला पैसा संपणार, आणि पुढे चालू ठेवायचं की नाही ते कमिटी येऊन ठरवणार.

"मला नाती सांगणारं माणूस हवंय," नूर म्हणाली. मी तिला सरळ आबांच्या ओट्यावर नेऊन बसवलं.

आबा प्रकल्पाचे क्षेत्र सहायक झाले. गळ्यात फोटोचं ओळखपत्र आलं. ते घालून हा गृहस्थ म्हशीचं दूध काढायचा! नूर कागदावर पुरुषासाठी चौकोन आणि बाईसाठी गोल काढायची, आणि आबा सांगत जायचे. एक दिवस कागदाकडे बघून म्हणाले, "ही रीत चांगली हाय. आमच्या वंशावळीत बाईला जागाच नसती." दोनशेच्या वर घरं त्यांनी मांडून दिली. लोक रक्त द्यायला तयार झाले ते सरकारच्या नावावर नाही हो, आबांच्या शब्दावर.

दोन भावांची घरंही त्यांनीच मांडली. बाजीरावच्या घरात त्याची बायको विठाबाई, मुलगा निलेश, सून, आणि निलेशची मुलगी मानसी. अमृतच्या घरात ओंकार. ओंकारची थोरली बहीण सविता वडगावला दिलेली, तिचा मुलगा सत्यम. आणि हे महत्त्वाचं: मानसीची सत्यमशी सुपारी फुटली होती. ती सोयरीकही आबांचीच. मामाची मुलगी करायची आमच्याकडे रीतच आहे. निलेश सख्खा मामा नसला तरी चुलत मामा होताच. लग्न अक्षय्य तृतीयेचं धरलं होतं.

त्याआधी दोघांचं रक्त तपासून व्हावं एवढीच माझी इच्छा. ओंकारचा आजार रक्तातला असेल, तर तो सत्यमकडे सविताकडून आलेला असू शकतो. मानसीकडेही असेल, तर त्यांच्या पोटी दुसरा ओंकार जन्मायची शक्यता. मानसीला ह्या जगात आणलं ते माझ्या हातांनी, माझ्याच उपकेंद्रात. मला तिची काळजी असायला कुणाची परवानगी नको होती.

डिसेंबरात मी दोन्ही घरांच्या मिळून सात बाटल्या भरल्या. नावाच्या चिठ्ठ्या मी स्वतः लावल्या. जानेवारीअखेर पत्र आलं: "नमुने नोंदवलेल्या नात्याशी विसंगत. अदलाबदल झाल्याची शक्यता. दोन्ही कुटुंबांचे नमुने बाद." पाठोपाठ वरच्या ऑफिसातून मला खुलासा मागणारा मेमो. निवृत्तीला आठ महिने राहिलेले असताना! मुदत संपत आली म्हणून बाद घरांचं रक्त पुन्हा घ्यायचं नाही, असंही प्रकल्पाच्या पत्रात होतं. नाती दुरुस्त करून कारण दिलं तरच.

मी नूरला फोनवर फाडून खाल्लं. "मी चौतीस वर्षांत एक बाटली बदलली नाही, कळलं?" ती म्हणाली, "सिस्टर, मला माहीत आहे." "मग पत्रात असं का लिहिलंस?"  ती हळूच म्हणाली, "आम्ही संमतीपत्रात लिहून देतो ना, की रक्तातून नात्याबद्दल काही निघालं तर ते आम्ही कुणालाच सांगणार नाही. मला ह्याहून जास्त बोलता येत नाही." मला तेव्हा काही उमजलं नाही. राग डोक्यात असला की माझं असंच होतं.

तो राग घेऊन मी आबांकडे गेले. ते अंगणात विळ्याला धार लावत बसले होते. मी मेमो त्यांच्यासमोर धरला आणि वाचून दाखवला. "तुम्ही नाती मांडलीत, मी रक्त घेतलं. चुकलं कोण, सांगा!"

आबांनी विळा खाली ठेवला. "तुमी न्हाई चुकला, सिस्टर."

"मग?"

"माजी जीभ बांधल्याली हाय."

"आबा, पोरीचं लग्न तोंडावर आलंय. मानसीच्या पोटाचा प्रश्न आहे, आणि तुम्ही मला जिभेचं काय सांगता?" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारची माणसं ओट्यावर आली. आबा उठले, टोपी घातली, छत्री घेतली आणि माझ्या बाजूनं निघून गेले. मी पाठीमागून काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आज त्याची लाज वाटते.

आठ दिवस आबा कुठं दिसले नाहीत. नवव्या दिवशी दुपारी उपकेंद्राच्या दारात रिक्षा थांबली. आबांनी हात धरून विठाबाईला उतरवलं. ऐंशीची बाई, गुडघे गेलेले. ती आत आली, बाकावर बसली, आणि पाणीही न घेता बोलली.

"सिस्टर, बाटली तुमी न्हाई बदलली. निलेश माज्या पोटचा न्हाई."

मी आधी दार लोटून घेतलं.

मग एकेक करत सांगितलं तिनं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. विठाबाईला मूल नव्हतं. अमृतची बायको दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेली, सोबतीला विठाबाईला नेलं. तिथं बाराव्या दिवशी त्या जावेनं आपलं पोर विठाबाईच्या ओटीत घातलं. गावात परत आल्यावर सांगितलं, धाकटीचं पोर गेलं आणि थोरलीला झालं. ओटीत दिलेल्या पोराला ते दिलेलं आहे असं कधी म्हणायचं नाही, त्यानं दिलेलं दान परत घेतल्यासारखं होतं, अशी आपल्याकडची समजूत. दोघींना आणायला गेले होते भिमाजी आबा. त्यांनी खंडोबाच्या देव्हाऱ्यासमोर बेलभंडारा उचलून शपथ घेतली, की दोन्ही नवरा-बायको आणि ते स्वतः, ह्या पाच जणांपलीकडे ही गोष्ट जाणार नाही.

म्हणून नूरच्या कागदावर आबांनी विठाबाईच्या गोलाखालीच निलेशचा चौकोन काढला. फसवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांच्या लेखी ते खरंच होतं.

"आट दिस रोज येऊन माज्या वट्यावर बसायचा ह्यो," विठाबाई आबांकडे बोट दाखवून म्हणाली. "म्हनायचा, वैनी, मला शपथंतनं मोकळं करा. मी च्या सोडा, पानी बी इचारलं न्हाई. काल म्हनला, तुमच्या नातीचं लेकरू खुर्चीत बसलं तर त्याला मी काय सांगू? मंग माजं काळीज हाललं बगा."

आबा खिडकीबाहेर बघत उभे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. मी उठून त्यांच्या पाया पडले. "अवं, काय करता," म्हणून मागे सरकले.

निलेश म्हणजे ओंकारचा आणि सविताचा सख्खा भाऊ. तो आजार मानसीपर्यंत आलेला असायची शक्यता आता चांगलीच वाढली होती. 

निलेशला विठाबाईनंच सांगितलं, त्याच संध्याकाळी. मला मानसीकडून कळलं ते असं, की तो तसाच उठला आणि गोठ्यात जाऊन बसला. म्हातारी उंबऱ्यात बसून राहिली, जेवायला उठली नाही. दोन तासांनी निलेश आत आला, हातपाय धुतले, आणि म्हणाला, "आये, च्या टाक." म्हातारीनं चहा टाकला आणि मग पदर तोंडात कोंबून रडली. दुसऱ्या दिवशी ओंकारला पार्किंगवर नेताना त्यानं त्यालाही सांगितलं. ओंकार त्याच्या पाठीवरूनच म्हणाला, "तरीच! चुलतभाऊ एवढं वज्जं उचलील व्हय?"

आबांवर मात्र निलेश रागावला. महिनाभर बोलला नाही. "माजं मला म्हाईत नव्हतं आन् ह्यास्नी म्हाईत व्हतं," म्हणायचा. 

मी खुलासा लिहिला: "नाते नोंदवताना चूक. नमुने बरोबर. नाते दुरुस्त केले आहे." विठाबाईनं अंगठा दिला, निलेशनं सही केली. नूरनं धावपळ करून परवानगी मिळवली, बाद झालेलं रक्त वापरता येत नव्हतं म्हणून सात बाटल्या पुन्हा भरल्या आणि बर्फाच्या डब्यात घालून स्वतः घेऊन गेली. मार्चच्या मध्यावर निकाल आला.

निकाल प्रत्येकाला वेगळा, बंद दाराआड सांगायचा असतो. सत्यम आणि मानसीनं मात्र नंतर एकत्र बसायचं ठरवलं, आणि मानसीनं मला हात धरून आत नेलं. नूरनं कागदावर काढून दाखवलं. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. ओंकारच्या दोन्ही बिघडलेल्या. सत्यमची एक बिघडलेली, मानसीचीही एकच. एक चांगली असेपर्यंत माणसाला काही होत नाही, दोघांनाही जन्मभर काही होणार नाही. पण दोघांची बिघडलेली प्रत एकाच लेकरात आली तर? प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता.

"गरोदरपणात तपासता येतं," नूर म्हणाली. "प्रकल्पाला पुढची मंजुरी मिळाली तर तो खर्च आम्ही उचलू."

"आणि नाही मिळाली तर?" मी विचारलं. नूरनं पेनाचं टोपण लावलं. मला त्या कमिटीचा असा राग आला की काय सांगू.

मानसी तिथून उठून थेट ओंकारकडे गेली. पार्किंगच्या झाडाखाली त्याच्याजवळ बसली. "काका, काय करू?" ओंकारनं आधी एका गाडीची पावती फाडली, मग म्हणाला, "पोर माज्यावानी झालं तर त्याला जगता येतं, मी जगतोयच की. पर माजी आय लय झिजली, मानसे. ती झीज तुला घ्यायची हाय का, ते तूच ठरव. कुनाचं ऐकू नगंस, माजं बी न्हाई."

दोन दिवसांनी दोघांनी मिळून ठरवलं, लग्न करायचं नाही. सत्यम चांगला पोरगा. म्हणाला, "सिस्टर, आम्ही भांडलो नाही, पण हे आता गावाला काय सांगायचं?"

तीच खरी आफत होती. सुपारी फुटलेली, आणि रविवारी देवळाच्या सभामंडपात याद्या व्हायच्या होत्या, म्हणजे देणंघेणं, मानपान चारचौघांसमोर लिहून पक्कं करायचं. खरं कारण सांगावं, तर "त्यांच्या रगतात खोट हाय" हे नागफणीच्या पलीकडे जायला वेळ लागत नाही. मानसीला पुढं कोण करणार? सत्यमची बहीण लग्नाची. आणि निलेशच्या जन्माची गोष्ट उकरली गेली असती ती वेगळीच. मानसी आबांसमोर बसून रडली. आबा एवढंच म्हणाले, "ऐतवारी मी बोलतो. तुमी कुनी बोलू नका."

रविवारी मंडप भरला. वडगावची मंडळी आली, पाटावर सुपाऱ्या मांडल्या. आबा उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली.

"मंडळी, ही सोयरीक व्हनार न्हाई. चूक माजी हाय. मानसीची जन्मयेळ मी चुकीची सांगितली. परवा जोशीबुवाकडं पत्रिका पुन्यांदा दावली. एकनाड निगाली."

हलकल्लोळ उडाला. "सुपारी फोडून चार महिनं झालं आन् आता एकनाड?" "म्हाताऱ्याला कळत न्हाई तर कशाला करतो हे धंदे?" एक जण तर अंगावर धावून आला. आबा हात जोडून उभे. निलेशनं त्या माणसाला धरून मागे ओढलं.

मग कुणीतरी माझ्याकडे वळलं. "सिस्टर, बाळंतपन तुमी केलंत. येळ काय व्हती?"

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. माझ्या रजिस्टरात आहे, माझ्या अक्षरात आहे, आणि आबांनी जोशीबुवांना पहिल्यापासून तीच वेळ सांगितली होती. एकनाड वगैरे काही निघालेली नव्हती. आबा माझ्याकडे बघतही नव्हते. एकनाडीविरुद्ध ज्या बाईनं ह्याच गावात जन्मभर घसा फोडला, तिला सगळ्या गावासमोर बोलायचं होतं.

"आता आठवत नाही," मी म्हणाले. "आबा म्हणतात तसं असेल. एकनाड असली तर... नकोच." माझी जीभ कशी वळली देव जाणे. मागून एक म्हातारी म्हणाली, "बगा, आता सिस्टरला बी पटलं!"

मंडप रिकामा झाल्यावर मी आबांना गाठलं. "अहो, आजाराचं नाव न घेता दुसरं काही सांगता आलं नसतं का? तुमच्या पन्नास वर्षांच्या शब्दाची माती केलीत!"

"पोरीला नाव ठेवन्यापेक्षा म्हाताऱ्याला ठेवल्यालं बरं. माजं काय, किती दिस ऱ्हायलं?" असं म्हणून छत्री उघडली आणि उन्हातून निघून गेले.

त्यानंतर आबांकडे सोयरीक घेऊन कुणी आलं नाही. लोहगडवाडीच्या दोन घरांनी ठरलेली बोलणी दुसऱ्याकडे नेली. लग्नात पहिल्या पंगतीचा मान गेला. चहाच्या टपरीवर पोरं विचारायची, "आबा, आज किती वाजले, बराबर सांगाल ना?" आबाही त्यांच्यात हसायचे. मी एकदा त्या टपरीवर जाऊन सगळ्यांची हजेरी घेतली, पण कारण सांगता येईना, तेव्हा नुसताच आरडाओरडा झाला.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कमिटी आली. वडगावला पंचायत समितीच्या हॉलमध्ये बैठक. तिघे जण, एक दिल्लीचे, दोन मुंबईचे. आम्ही सगळे मागच्या खुर्च्यांवर, आबा ओळखपत्र घालून माझ्या शेजारी. नूरनं पडद्यावर आकडे दाखवले: इतकी घरं, इतके नमुने, इतके निकाल. 

कमिटीचे अध्यक्ष मराठीच होते, वयस्कर. आकडे संपल्यावर म्हणाले, "हे ठीक आहे. पण हा लोकांचा पैसा आहे. ह्याच पैशात दवाखाना होतो, रस्ता होतो. ह्यातून गावातल्या एका तरी माणसाचं काय भलं झालं, ते सांगा. एक उदाहरण."

नूरकडे उदाहरण होतं. माझ्याकडे होतं. सगळ्यात चांगलं उदाहरण माझ्या शेजारीच बसलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे मानसी, निलेश, विठाबाई, सगळ्यांना त्या पडद्यावर आणून उभं करायचं. नूर म्हणाली, "सर, ती माहिती गोपनीय असते." "नाव नका सांगू," ते म्हणाले. पण ह्या तालुक्यात नाव न सांगता काय लपतं? नूरनं पडद्यावरचे आकडे बंद केले.  अध्यक्षांनी कागद गोळा करायला सुरुवात केली.

आबा उठले.

"सायेब, मी बोलू?"

"बोला, आजोबा. तुम्हाला काय फायदा झाला?"

"मला?" आबांनी थोडा विचार केला. "मला काय बी न्हाई. माजा तर धंदा बसला ह्याच्यापायी."

सगळा हॉल हसला. कमिटीतले दोघेही हसले. वडगावची जी माणसं देवळात होती ती तर जास्तच. अध्यक्ष हसत म्हणाले, "मग काय, बंद करायचं का?"

"न्हाई," आबा म्हणाले. हसू थांबायची त्यांनी वाट पाहिली नाही. "बंद करू नका. का, ते मला सांगता येत न्हाई. म्हाईत हाय, पर सांगता येत न्हाई. जे कळलं, ते लय येळंवर कळलं सायेब. आनी आजून लय घरं ऱ्हायल्यात. मी पाया पडतो, पन बंद करू नका."

आणि त्यांनी खरंच हात जोडून मान वाकवली. कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी गोळा केलेले कागद पुन्हा टेबलावर ठेवले आणि नूरला विचारलं, "किती घरं राहिलीत?" मागच्या दारापाशी निलेश उभा होता, तो कधी आला ते मला कळलंच नव्हतं. तो पुढे आला, आबांच्या दंडाला धरून त्यांना हळूच खुर्चीत बसवलं, आणि त्यांच्या शेजारी खाली जमिनीवर बसला.

मला हुंदका आवरेना. आबा माझ्याकडे वाकले आणि कानात म्हणाले, "सिस्टर, काय चुकीचं तर न्हाई ना बोललो?"

"नाही हो, आबा," मी म्हणाले. "काही चुकलं नाही तुमचं."